शिलाई झाली की निघतो

१ सप्टेंबर, रविवार

ही वही माझी नाही. दोन वर्षांपूर्वी एका मुख्याध्यापकाने हौसेने बांधून घेतली होती. कापडी पुठ्ठा, कोपऱ्यांना चामडं, तीनशे कोरी पानं. आणि न्यायला आलाच नाही! तीनदा निरोप धाडला. तीनदा उत्तर, "येतो, येतो." लोकांना वेळेवर यायला काय धाड भरते कोण जाणे. आज फडताळ आवरताना हातात आली, म्हटलं कागद वाया जाण्यापेक्षा आपणच खरडावं. घरात बोलायला तसंही कोण आहे? बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. अजून कधीकधी चहाचे दोन कप मांडतो आणि एक परत ठेवतो.

आज महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे चर्चमध्ये प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षरस. प्रवचन संपून पाळकसाहेब मेजाकडे वळले, तसा मी नेहमीसारखा उठलो आणि मागच्या खोलीत फाटकी गीतपुस्तकं चिकटवत बसलो. अकरा वर्षं हेच चाललंय. लोकांना वाटतं, काय बाई सेवाभाव! खरं कारण पाळकसाहेबांना ठाऊक आहे. धाकट्या भावाविषयी मनात अढी आहे, आणि अढी ठेवून मी त्या भाकरीला हात लावत नाही. एवढा तरी मी प्रामाणिक आहे. पहिल्या बाकावर बसून खुशाल खाणारे बघतोच की मी.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब आत डोकावले. म्हातारे झालेत, पण जीभ अजून तिखट आहे.

"काय हो बाइंडर, अजून किती फाटकी आहेत?"

"असतील वीसेक."

"अकरा वर्षांपूर्वीही वीसच होती." हसले. मग दाराला टेकून म्हणाले, "धाकट्याकडे जाणार होतात ना?"

"जाणार आहे. जरा उसंत मिळू दे."

त्यांनी मान हलवली आणि माझ्या खळीच्या भांड्यावर झाकण ठेवून गेले. खळ उघडी राहिली की साय धरते, हे त्यांनाही आता कळायला लागलंय.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज दुकानात धाकट्याची मुलगी आली. आधी ओळखलंच नाही. शेवटची पाहिली तेव्हा बारा वर्षांची होती, आता बाईमाणूस झालीय. कपाळ थेट माझ्या आईचं.

"मोठेकाका, बाबांनी हे पाठवलंय. बांधून हवंय."

टॉवेलात गुंडाळलेलं आईचं बायबल! आई गेल्यावर ते त्याच्याकडे राहिलं होतं.  मी टॉवेलाची घडी नीट केली आणि म्हणालो, "घाई आहे का?"

"नाही. म्हणजे... आहे."

"ठरव बाई काय ते."

"बाबांना बरं नसतं हल्ली."

"त्याला जन्मापासून बरं नसतं. शाळेच्या दिवशी हमखास पोटात दुखायचं त्याच्या."

ती हसली, पण नीट नाही हसली. जाता जाता म्हणाली, "मी न्यायला येणार नाही हं. तुम्हीच आणून द्यायचं, असं सांगितलंय बाबांनी."

घ्या! अकरा वर्षांनी कामाची आठवण झाली, आणि वर माल घरपोच हवा. साहेबांचा थाट काही कमी झालेला नाही.

ती गेल्यावर पुस्तक उजेडात धरलं. चामड्याला वेळच्या वेळी तेल लागलेलं आहे, पानं स्वच्छ. पण कणा वरपासून खालपर्यंत कापलेला! जीर्ण होऊन फाटलेला नव्हे, कापलेला. धारदार पात्याने, पट्टी धरून मारल्यासारखी सरळ रेघ. आतल्या दोन जुजांचा, म्हणजे शिवलेल्या पानांच्या दोन गठ्ठ्यांचा दोरा तुटलाय, पण एकाही पानाला ओरखडा नाही. असं कापायला हात तयार लागतो. कुणा पोराटोराने खेळ केला असेल. आईच्या बायबलाची ही दशा होऊ दिली म्हणजे कमाल झाली. माझ्या दुकानात नऊ वर्षं काम शिकलेला माणूस, आणि पुस्तकाची ही निगा!

आमच्या वडिलांचा नियम होता. गिऱ्हाइकाच्या पुस्तकात जे सापडेल ते वाचायचं नाही. पुस्तकात लोक काय काय ठेवतात. तेव्हा सगळं न बघता काढलं. एक फोटो, दोनचार वाळकी पानं, आईच्या हिशेबी अक्षरातल्या प्रार्थनेच्या याद्या, आणि घडी घातलेला एक नवा करकरीत रेघांचा कागद. त्याच्यावर बाहेरून काहीतरी लिहिलेलं होतं, मी नजर वळवली. सगळं पाकिटात घातलं, खळ लावून बंद केलं, वर "धाकटा" लिहिलं आणि मेजासमोरच्या खिळ्याला अडकवलं.

बायबलाच्या कामाची चिठ्ठी लिहिली. तयार: २८ सप्टेंबर. असं बांधून देईन की बघतच राहील. मग स्वतः घेऊन जाईन. पुस्तक हातात असलं की बोलायला सुरुवात तरी होईल. रिकाम्या हाताने काय जायचं? ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मी मागच्या खोलीत नसेन, बाकावर असेन. लिहूनच ठेवतो.

१५ सप्टेंबर, रविवार

चामड्याचा रंग जुळत नाही. जुनं चामडं पिकल्या खजुरासारखं काळपट, दुकानातलं सगळं लालसर. चामडंवाला म्हणतो पुढच्या आठवड्यात बघू.

शेजारचा शिंपी सकाळी चहा प्यायला आला. तो उपासनेला जात नाही, मला मात्र रविवारी छळतो. म्हणाला, "भावाचं पुस्तक ना ते? घोडं कुठे पेंड खातंय?"

"चामडं."

"अरे मग कापड लाव!"

"आईचं पुस्तक आहे ते. तुझा लेंगा नाही."

"बरोबर. लेंगा मी उद्या देतो म्हणतो आणि परवा देतो. तुझं 'झालंच' म्हणजे गिऱ्हाइकाने नातवाला पाठवायचं." स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसला. पण खाली उतरताना थांबून म्हणाला, "भाऊ आहे ना तो तुझा? की गिऱ्हाईक?"

दुसऱ्याच्या भांडणात लोकांना भारी अक्कल सुचते. त्याला भाऊच नाही, त्याला काय कळणार.

२४ सप्टेंबर, मंगळवार

शिलाई उसवून पुन्हा घालायला घेतली. दोनच जुजांचा दोरा तुटला होता, तेवढाच जोडला असता तर अर्ध्या दिवसाचं काम. पण जुन्या दोऱ्याचा काय भरवसा? करायचं तर सगळंच करावं.

दुपारी पुतणीचा फोन. "मोठेकाका, बाबा विचारतात, कुठवर आलंय."

"शिलाई चाललीय म्हणून सांग. नवीन घालतोय, सगळी."

 मग म्हणाली, "ते म्हणतात, नुसते टाके घालून आणलंत तरी चालेल."

"टाके घालून?"

"न शिवता आणलंत तरी चालेल."

"न शिवता आणायचं, तर पाठवलं कशाला?"

"काय सांगू, मोठेकाका," ती म्हणाली. तिच्या मागे चाकं ढकलल्याचा आवाज येत होता, कुणीतरी कुणाला तरी नंबरने हाक मारत होतं. बाजारात असावी. मग एकदम म्हणाली, "आतलं... म्हणजे पुस्तकातले कागद बघितलेत का तुम्ही?"

"आम्ही गिऱ्हाइकाचे कागद बघत नाही, पोरी. तुझ्या बाबाला विचार, तोही याच दुकानात शिकलाय. सगळं जसंच्या तसं सीलबंद ठेवलंय, काळजी करू नका."

"बरं," म्हणाली. फोन ठेवायला तिला फार वेळ लागला.

मला रागच आला. कामाची किंमत नाही. न शिवता आणा म्हणे! उद्या म्हणतील, न येता या.

६ ऑक्टोबर, रविवार

झालं नाही. चामडं आलं, पण पाठीला घालायची पट्टी मनासारखी बसेना. घाईने बसवली असती तर वर्षभरात सुटली असती. मग मागची खोली, गीतपुस्तकं, खळ. पलीकडे सगळे गात होते. भिंतीतून ऐकू येणारं गाणं सगळ्यात वाईट. आपण आजारी असताना घरात पाहुणे हसत असावेत तसं वाटतं.

पाळकसाहेब आज दारात उभे राहिले नाहीत, आत येऊन माझ्यासमोर स्टुलावर बसले. मी त्यांना सगळं सांगितलं, आईचं बायबल आलंय, बांधतोय, घेऊन जाणार आहे. वाटलं, खूश होतील.

"कधी आलं?"

"गेल्या महिन्यात. पाच तारखेला."

"आणि अजून इथेच?"

"काम आहे ते, साहेब. तुम्हाला आमच्यातलं कळायचं नाही."

"नसेल कळत. पण मला एक ठाऊक आहे. देवाला दान द्यायला निघालेल्या माणसाला भाऊ रुसल्याचं आठवलं, तर प्रभू काय सांगतो? दान तिथेच टाक आणि आधी भावाकडे जा. आधी दान नीट बांध, सोनेरी अक्षरं घाल आणि मग जा, असं काही मला त्यात सापडलं नाही. तुम्हाला सापडलं का? तुम्ही तर पुस्तकाची पानं मोजता."

मी म्हणालो, "जायचंच नसतं तर एवढं काम कशाला केलं असतं?"

"बाइंडर," ते म्हणाले, "तुम्ही ताकाला जाऊन भांडं लपवताय. आणि ते भांडं दिवसेंदिवस सुबक होत चाललंय."

बोलणं लागलं. घरी येऊन जेवलो नाही. भूक नव्हती असं नाही, एकट्यासाठी गॅस पेटवावासा वाटला नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

ही वही कुणी वाचणार नाही, मग खोटं कशाला लिहू?

अकरा वर्षांपूर्वी आई धाकट्याकडे होती. दुपारी दोनला त्याचा निरोप आला, आई तुला विचारतेय, लगेच ये. माझ्या हातात कचेरीचं एक जाडजूड रजिस्टर होतं. पाठीला नुकतीच खळ लावलेली. तसंच सोडलं असतं तर वाकडं वाळलं असतं. मी म्हणालो, "एवढा दाब बसला की निघतो." दाब बसला. मग म्हटलं पुठ्ठा चढवूनच जावं. मला वाटलं, आई काय, थांबेल. आई नेहमीच थांबायची. आम्ही जेवायला बसेपर्यंत ती थांबायची.

पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. ती सव्वाचारला गेली होती.

दुसऱ्या दिवशी कबरीपाशी, सगळ्यांच्या देखत, धाकटा मला म्हणाला, "दादा, आई दाराकडे बघत गेली. तुझं पुस्तक सरळ वाळलं ना?"

थोरल्या भावाला! चारचौघांत! मी तिथून जो निघालो तो आजवर त्याच्या घरी गेलो नाही. बायको गेली तेव्हा तो आला होता. फाटकाशी उभा होता, डोक्यावरची टोपी हातात धरून. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. तो गेल्यावर बघितलं.

लोकांना सांगतो, त्याने अपमान केला. केलाच. पण खोटं बोलला असता तर मी तिथल्या तिथे एक ठेवून दिली असती आणि संध्याकाळी एकत्र जेवलो असतो. खरं बोलला, म्हणून अकरा वर्षं.

उद्या जावं का? असंच?

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज निघालो होतो. खरंच निघालो होतो. पुस्तक शिवून झालंय, पाठ गोल झालीय, फक्त चामडं चढायचंय. तसंच टॉवेलात गुंडाळलं, पाकीट वर ठेवलं, दाढी केली, सात नंबरच्या बसस्टॉपवर उभा राहिलो. शेवटचा स्टॉप त्याचा. चाळीस मिनिटं. अकरा वर्षांत मी हे अंतर कुणाला विचारलंही नव्हतं.

बस आली. पाय वर ठेवला आणि डोळ्यांसमोर आलं, धाकटा टॉवेल उघडतोय, उघडी शिलाई बघतोय आणि म्हणतोय, "अजून झालं नाही का, दादा?" तोच आवाज. पाय खाली घेतला.

ड्रायव्हर म्हणाला, "येताय ना, आजोबा?"

"पुढच्या गाडीने येतो."

त्याने जरा वेळ दार उघडं ठेवलं. भला माणूस होता. मग दार लागलं.

पुढची गाडी आली तेव्हा मी दुकानात चामडं भिजवत होतो. पाकीट परत खिळ्याला अडकवलं. शिंप्याने विचारलं, "इतक्या लवकर आलास?" म्हटलं, "घरी नव्हता." खोटं बोलायला काहीच वेळ लागला नाही, तेवढं एक काम मी झटपट केलं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

झालं! आज वर्ख लावला. पुढच्या पुठ्ठ्यावर आईचं नाव, सोनेरी. वर्ख फार नाजूक असतो, श्वास पडला तरी उडतो. म्हणून पंखा बंद, दार बंद, फोन खणात. चार तास ओठ मिटून काम केलं. शेवटचं अक्षर बसल्यावर मोठ्याने म्हणालो, "बघ, आई." दुकानात कुणी नव्हतं, बरं झालं.

फोन काढला तर पुतणीचे तीन फोन येऊन गेलेले. आता कशाला करायचा? सांगितलं तर मजा जाईल. शनिवारी अचानक दारात उभा राहतो की नाही बघ. वर्खाला तीन दिवस नुसतं ठेवलेलं बरं. शनिवारी धाकटा, रविवारी प्रभुभोजन. सगळं कसं जुळून आलंय. फोन पुन्हा खणात टाकला, दाबाच्या यंत्राशी बसलो की त्याची कटकट नको वाटते.

इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पाळकसाहेबांना सांगावंसं वाटलं. म्हटलं, रविवारीच बघतील.

२ नोव्हेंबर, शनिवार

दारात चपला होत्या. फार चपला.

सात नंबरची बस, शेवटचा स्टॉप, डाव्या हाताला तिसरं घर. पुतणीने पुस्तक देतानाच त्यांच्या नव्या घराचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला होता. बसमध्ये पुस्तक मांडीवर धरलं होतं, काय बोलायचं ते ठरवत होतो. आधी पुस्तक द्यायचं, मग पाणी मागायचं, मग बघू. एवढं ठरलं होतं.

अकरा वाजले होते. माती नऊलाच झाली होती.

शुक्रवारी पहाटे गेला. कालपासून पुतणी फोन करत होती. माझा फोन खणात, त्याची बॅटरी केव्हाच संपलेली. ती काल संध्याकाळी दुकानावरही येऊन गेली म्हणे, मी चामड्याच्या उरल्या तुकड्यांसाठी बाजारात गेलो होतो. शिंप्याचंही दुकान बंद होतं.

भावजय भिंतीशी बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आलात, भाऊजी." बोल लावला असता तर बरं झालं असतं. मी टॉवेल सोडला. दुसरं काय करायचं ते मला सुचेना. तिने पुस्तक घेतलं, आईच्या नावावरून बोट फिरवलं.

"छान झालंय," म्हणाली. मग कण्यावरून हात फिरवत म्हणाली, "मी किती ओरडले होते त्यांना. चांगलं आईंचं बायबल, दोन महिन्यांमागे सकाळी पट्टी घेऊन बसले आणि सरळ कापलं. म्हटलं, वेड लागलंय का? म्हणाले, माझ्यासाठी दादा नाही यायचा, कामासाठी येईल."

मी खाली बसलो. 

तयार हात लागतो, असं मी स्वतः लिहिलंय या वहीत. पानाला ओरखडा नाही, असं लिहिलंय. मीच शिकवलं होतं त्याला, पातं धरायचं कसं आणि थांबायचं कुठे. अख्ख्या जगात तसं कापणारी दोनच माणसं होती, आणि मी म्हणालो, पोराटोराने खेळ केला असेल.

पाकीट तिच्या हातात दिलं. नियमाप्रमाणे. तिने ते फोडलं, फोटो बाजूला ठेवला, याद्या बाजूला ठेवल्या, आणि तो करकरीत कागद माझ्यापुढे धरला. "हा तुमचा आहे, भाऊजी."

घडीवर लिहिलं होतं, "दादास."

पुतणी आतल्या दारात उभी होती. रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "रोज विचारायचे, वाचलं असेल का दादाने? मी सांगणार होते तुम्हाला. मला म्हणाले, सांगू नकोस, त्याला स्वतः येऊ दे. सांगून आला तर त्याला ओझं वाटेल."

कागद इथे चिकटवतो. खळ आहेच.

"दादा, कबरीपाशी बोललो ते खरं होतं, पण बोलायला नको होतं. मला माफ कर. मी तुला केव्हाच माफ केलंय. डॉक्टर दोनएक महिने म्हणतात. पुस्तक मीच कापलंय, रागावू नकोस, पानांना धक्का लागू दिलेला नाही. हे वाचलंस की तसाच ऊठ आणि ये. शिवत बसू नकोस."

अठ्ठावन्न दिवस हे माझ्या डोळ्यांसमोर खिळ्याला लटकत होतं. त्याच्याखाली बसून मी शिलाई घातली.

३ नोव्हेंबर, रविवार

गेलो. घरात बसवेना म्हणून गेलो. आज मागच्या खोलीत गेलो नाही, बाकावरच बसून राहिलो, पण भाकर आली तेव्हा ताट पुढे सरकवलं. सगळे घरी गेले तरी मी बसलेलाच. पाळकसाहेब शेजारी येऊन बसले. मी सगळं सांगितलं आणि ही वही उघडून तो कागद दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

मी विचारलं, "आता मी कुणाकडे जाऊ? जायचं ते ठिकाणच राहिलं नाही."

वाटलं, यांच्याकडे काहीतरी उत्तर असेल, नेहमीसारखं तिखट. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "तो गेलाय, आणि तुम्ही उशीर केलात. ते मला पुसून टाकता येणार नाही. पण माफी तर त्याने तुमच्या हातात दिली होती. तुम्ही ती बंद करून ठेवलीत." मग मेजाकडे बोट केलं. "तीही तशीच मांडलेली आहे, अकरा वर्षं. याल?"

आणि माझ्या तोंडातून काय निघावं?

"पुढच्या महिन्यात, साहेब. नक्की."

ते उठले, मेजापाशी गेले आणि पांढरं कापड घडी करायला लागले. एक घडी. दुसरी घडी. मी त्यांच्या हातांकडे बघत होतो, आणि मला माझाच आवाज ऐकू आला. एवढा दाब बसला की निघतो. पुढच्या गाडीने येतो. शनिवारी जातोच आहे. नक्की.

"थांबा," मी ओरडलो. रिकाम्या जागेत केवढा मोठा आवाज झाला. "थांबा, साहेब, आवरू नका."

बाकाला ठेचकाळत गेलो. त्यांनी कापड पुन्हा उलगडलं. आम्ही दोघंच होतो. मी लहान पोरासारखा रडलो आणि ती भाकर खाल्ली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि घाई केली नाही.

शांती मिळाली का? थोडी मिळाली. धाकटा मिळाला नाही. दोन्ही लिहून ठेवतो, कारण दोन्ही खरं आहे.

७ नोव्हेंबर, गुरुवार

शिंपी चहा घेऊन आला, स्वतः करून. एकही विनोद केला नाही. बैल गेला आणि झोपा केला, असं मीच म्हणालो, तर म्हणाला, "गप रे." दोघांनी चहा संपवला.

आत्ता भावजयीचा फोन आला. तिची नजर फार अधू झालीय. धाकटा रोज संध्याकाळी आईच्या बायबलातून तिला वाचून दाखवायचा. पुतणीला कामावरून यायला उशीर होतो. म्हणाली, "पुस्तक उशाशी नुसतं पडून आहे, भाऊजी. कधीतरी या वाचायला. घाई नाही, सवडीने या."

म्हटलं, रविवारी येतो. फोन ठेवला. हातात एका ग्रंथालयाचं रजिस्टर आहे, पाठीला नुकतीच खळ लावलीय. शेगडीवर खळीचं दुसरं भांडं चढवलंय. आत्ता उठलो तर हे वाकडं वाळेल, आणि तेही आटेल.

साडेचार झालेत. सात नंबरची गाडी पावणेपाचला आहे.

वाळू दे वाकडं. शेगडी बंद केली. निघतो.